सरपरस्ताचा रकाना

जून महिना आला की आमच्या शाळेच्या ऑफिसात प्रवेश अर्जांचा ढीग पडतो. शाळा उर्दू माध्यमाची. अर्जावर मुलाचे नाव, पैदाइशची तारीख, पत्ता वगैरे झाले की तळाला एक रकाना असतो, 'वालिद या सरपरस्त के दस्तखत'. गेली अकरा वर्षे मी हा रकाना पाहते आहे. त्यात कधी बापाची सही असते, बाप आखातात असेल तर आईची, कधी मामूची, कधी चाचाची. आम्हा शिक्षकांना त्यात काही वावगे वाटत नाही. मुलाचा हात धरून जो शाळेत येईल तो त्याचा सरपरस्त, इतका सरळ आमचा हिशेब.

तीन-चार वर्षांपूर्वी पाचवीतल्या एका मुलाची आई माझ्याकडे आली. तिचा नवरा जाऊन वर्ष होत आले होते. गावात थोडी भातजमीन, चार-पाच आंब्याची कलमे आणि अर्धवट बांधलेले घर, एवढी मिळकत. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली होती. मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे 'अज्ञान पालक कर्ता' म्हणून तिचेच नाव लागले होते. घर पुरे करण्यासाठी जमिनीचा एक तुकडा विकावा असे तिच्या मनात होते. गिऱ्हाईकही मिळाले. पण गिऱ्हाइकाच्या वकिलाने कागद पाहिले आणि सांगितले, "मुलाच्या हिश्श्याला तुमची सही चालणार नाही." तिचे दीर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "मग माझी चालेल. बापाच्या मागे चाचाच वली." वकील म्हणाला, "तुमचीही चालणार नाही."

ती बाई मला विचारायला आली होती, "टीचर, शाळेत माझी सही चालते, दवाखान्यात चालते, रेशन दुकानात चालते. मग जमिनीच्या कागदावर मी या मुलाची कोण?"

मला उत्तर देता आले नाही. बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्र शिकलो, मूल्यमापन शिकलो, पण मुलाचा कायदेशीर पालक कोण हे कोणी शिकवले नाही. त्या दिवसापासून या विषयावर जे मिळेल ते मी वाचत आले. त्यातून दिसलेली हकीगत वाचकांपुढे ठेवते आहे.

खरे तर सरपरस्तीची पहिली गोष्ट आपल्या प्रत्येक मुलाला मकतबमध्येच कळते. हजरत मुहंमद पैगंबर (स.) जन्मण्यापूर्वीच त्यांचे वडील अब्दुल्ला वारले. सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या. मग आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी सांभाळले. पैगंबर आठ वर्षांचे असताना आजोबांचेही निधन झाले. पण जाण्यापूर्वी त्यांनी एक काम केले होते. आपल्या अनेक मुलांपैकी अबू तालिब यांना बोलावून त्यांनी नातवाला त्यांच्या हवाली केले. अबू तालिब हे काही भावांत सर्वांत श्रीमंत नव्हते. पण ते अब्दुल्लांचे सख्खे, एका आईचे भाऊ होते आणि आजोबांना त्यांचा भरवसा होता. 'माझ्यामागे कोणीतरी बघेल' असे आजोबांनी म्हटले नाही. त्यांनी एक माणूस निवडला आणि त्याचे नाव घेतले. ही गोष्ट आपण सीरतच्या प्रत्येक जलशात ऐकतो, मात्र तिच्यातला हा कायद्याचा भाग कानावरून निघून जातो.

पुढे मदिनेत, हिजरी सन ३ मध्ये (इ.स. ६२५) उहुदची लढाई झाली. सुमारे सत्तर माणसे शहीद झाली. त्या लहानशा वस्तीत एकाच दिवसात किती घरे उघडी पडली असतील! सूरह निसाच्या सुरुवातीला यतिमांच्या मालाबद्दल जे हुकूम आहेत त्यांचा संबंध बहुतेक भाष्यकार या काळाशी जोडतात. त्या हुकुमांचा आशय असा : यतिमाचा माल त्याचा त्याला द्या, आपल्या मालात मिसळून खाऊ नका. मूल वयात येईपर्यंत त्याची पारख करत राहा आणि समज आली असे दिसले की माल त्याच्या हाती सोपवा. सांभाळणारा सुखवस्तू असेल तर त्याने काही घेऊ नये, गरीब असेल तर रीतीप्रमाणे बेताने घ्यावे. आणि माल परत करताना साक्षीदार ठेवा. या शेवटच्या वाक्यापाशी मी नेहमी थांबते. चौदाशे वर्षांपूर्वी पालकाकडून हिशेब मागितला आहे, तोही साक्षीदारांसमोर. आपल्याकडे हिशेब मागणारा भाचा-पुतण्या उद्धट ठरतो.

बापाने आपल्यामागे मुलांच्या मालासाठी नेमलेल्या माणसाला फिक्हमध्ये 'वसी' म्हणतात. सहाबांपैकी हजरत जुबैर यांची वसी म्हणून मोठी ख्याती होती. अनेकांनी मरताना आपली मुले आणि माल त्यांच्यावर सोपवला, आणि ते यतिमांचा माल राखून स्वतःच्या पैशातून त्यांचा खर्च करीत, असे सांगितले जाते. बाई वसी होऊ शकते का, हा प्रश्नही तेव्हाच सुटलेला आहे. हजरत उमर यांनी आपल्या वक्फ जमिनीचा कारभार आपल्यामागे मुलगी हजरत हफ्सा यांनी पाहावा असे लिहून ठेवले होते. घरात अब्दुल्ला बिन उमर यांच्यासारखा विद्वान, कर्ता मुलगा असताना!

आता थोडे किचकट, पण समजून घेण्याजोगे. आपण 'वली' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावतो आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. पहिली गोष्ट 'हिजानत', म्हणजे लहान मुलाला जवळ ठेवणे, वाढवणे. हा हक्क आईचा. हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. शाफई मतानुसार मूल समजते झाले की कोणाजवळ राहायचे ते त्यालाच विचारतात. दुसरी गोष्ट निकाहाची विलायत. त्यात बाप, आजोबा, भाऊ, चाचा असा क्रम लागतो. तिसरी मालाची विलायत. यात हनफी क्रम असा : बाप, बापाने नेमलेला वसी, मग दादा म्हणजे बापाचा बाप, मग दादाने नेमलेला वसी, आणि यांपैकी कोणीच नसेल तर काझी. बस्स. या यादीत चाचा नाही, मोठा भाऊ नाही, मामू नाही. आणि आईही नाही. निकाहात चाचा वली म्हणून उभा राहिलेला लोकांनी पाहिलेला असतो, म्हणून जमिनीच्या कागदावरही तोच वली अशी समजूत रूढ झाली. त्या बाईच्या दिरांचे चुकले ते इथे. त्यांच्या मनात खोट होती असे मला वाटत नाही, गावात सगळे हेच मानतात.

आम्हा कोकणी मुसलमानांना आणखी एक बाब ठाऊक हवी. आम्ही बहुतेक शाफई. शाफई क्रमात दादा हा बापाच्या वसीच्या आधी येतो. दादा हयात आणि लायक असेल तर बापाने दुसऱ्याला वसी नेमून त्यांना डावलता येत नाही. शिया कायद्यातही दादा हयात असताना बापाने केलेली नेमणूक चालत नाही. मात्र इमाम नववी (मृत्यू १२७७) यांच्या ज्या ग्रंथावर शाफई फिक्हची मोठी भिस्त आहे, त्यात असेही सांगितले आहे की वसी नेमायचा झाला तर, अंगी लायकी असल्यास, मुलांची आई इतर कोणापेक्षाही अधिक योग्य. काही जुन्या शाफई विद्वानांनी तर बाप-दादांच्या नंतर आईला आपोआप वली मानले होते. ते मत मागे पडले. ते पुढे आले असते तर किती विधवांच्या खेपा वाचल्या असत्या, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

म्हणजे चित्र असे आहे : आई आपोआप मालाची वली होत नाही, पण बापाने नेमले तर ती पूर्ण अधिकाराची वसी होते. सारा फरक बापाच्या एका शब्दाचा.

तो शब्द न उच्चारताच बाप गेला तर काय होते, हे राजघराण्यांतही दिसते. तिथे मुलाचा माल म्हणजे अख्खे राज्य. १५८० मध्ये विजापूरचा अली आदिलशाह अचानक मारला गेला आणि नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर बसला. त्याच्या सरपरस्तीसाठी सरदारांत जी ओढाताण झाली तिच्यात सुलतानाची बेवा चाँदबीबी सापडली. तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही ठेवले गेले. पंधरा वर्षांनी तीच गत तिच्या माहेरी, अहमदनगरला झाली. १५९५ मध्ये इब्राहीम निजामशाह लढाईत पडला, मागे तान्हे मूल बहादूर. दरबारातल्या एका गटाने भलताच मुलगा पुढे केला. चाँदबीबी बहादूरच्या आजोबांची बहीण. तिने बहादूरचा हक्क उचलून धरला आणि शाहजादा मुरादच्या वेढ्याला तोंड दिले. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारले, नगर पडले आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. शाळेत आम्ही चाँदबीबीची तलवार शिकवतो. ती एका लहान मुलाची सरपरस्तही होती, हे शिकवायचे राहून जाते.

सामान्य रयतेच्या यतिमांचा वाली काझी असे. ज्याला कोणी वली नाही त्याचा वली राज्यकर्ता, आणि राज्यकर्त्याच्या वतीने काझी, असे तत्त्व होते. इंग्रजांनी सुरुवातीला ही चौकट ठेवली. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ठरवले की वारसा, लग्न अशा बाबतींत मुसलमानांना कुराणाचा कायदा लावावा. इंग्रज न्यायाधीशांना अरबी येत नव्हते, म्हणून कोर्टात काझी आणि मुफ्ती मदतीला बसत. १७९१ मध्ये चार्ल्स हॅमिल्टनने 'हिदाया'चा इंग्रजी तर्जुमा छापला. पुढे अशा तर्जुम्यांवर आणि निकालपत्रांवर कोर्टांचे भागू लागले.

मग आले १८६४ साल. त्या वर्षी सरकारने कोर्टातील मौलवी-मुफ्ती आणि सरकारनियुक्त काझी यांची पदे कायद्याने बंद केली. त्याच वर्षी मुंबई इलाख्यासाठी अज्ञान मुलांच्या संरक्षणाचा कायदा झाला, १८६४ चा २० वा. त्यानुसार अज्ञानाच्या मिळकतीची व्यवस्था दिवाणी कोर्टाकडे गेली. म्हणजे यतिमाच्या डोक्यावरचा काझीचा हात ज्या वर्षी निघाला, त्याच वर्षी तिथे जिल्हा न्यायाधीशाचा हात आला. १८८० मध्ये काझींचा नवा कायदा झाला, पण त्यात काझीला न्यायदानाचा अधिकार मिळाला नाही. तो निकाह लावण्यापुरता उरला. हे आपल्या लोकांना कोणी समजावून सांगितले नसावे. माझ्या दादीच्या लहानपणापर्यंत गावातले लोक यतिमांच्या जमिनीचे वाद काझींकडेच नेत. काझी भला माणूस असला तर समेट होई, पण त्याच्या कागदाला कोर्टात किंमत नसे.

१८७५ मध्ये सज्ञानतेचे वय अठरा ठरले. कोर्टाने पालक नेमलेला असेल तर मात्र एकवीस. हा एकवीसचा अपवाद १९९९ मध्ये गेला, आता सर्वांना अठरा. आणि १८९० मध्ये सर्व धर्मीयांसाठी 'पालक व पाल्य कायदा' आला. तोच आजही चालू आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांचा हा कायदा आपल्यापैकी किती जणांनी वाचला असेल? त्याच्या सहाव्या कलमात म्हटले आहे की ज्याला त्याच्या स्वतःच्या धर्मकायद्याने पालक नेमण्याचा अधिकार आहे, तो या कायद्याने जात नाही. म्हणजे बापाने वसियतीने वसी नेमला तर तो इंग्रजी कायद्यातही कायम. अशी नेमणूक असताना कोर्ट उगाच दुसरा पालक नेमत नाही. आधी नेमलेल्याला काढावे लागते, आणि त्यासाठी कारण लागते.

या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा निकाल १९१८ चा आहे. इस्माईल अली खान नावाचे एक जमीनदार १९०६ मध्ये वारले. मागे बायका-मुले बरीच. त्यांपैकी जोहरा नावाच्या विधवेने स्वतःचा आणि आपल्या दोन अज्ञान मुलांचा हिस्सा विकून टाकला. खरेदीदाराने ताबा मागितला, बाकीच्या वारसांनी अडवले आणि खटला कलकत्त्याहून लंडनला, प्रीव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 'इमामबंदी विरुद्ध मुत्सद्दी' या नावाने तो ओळखला जातो. प्रश्न असा, की मुलांना प्रत्यक्ष सांभाळणारी आई त्यांच्या भल्यासाठी त्यांची स्थावर मिळकत विकू शकते का? त्याआधी इथली हायकोर्टे या प्रश्नावर एकमताची नव्हती. गरजेपोटी आणि मुलाच्या फायद्याचा व्यवहार असेल तर चालवून घ्यावा, असे काही न्यायाधीशांना वाटे.

निकाल लिहिला सय्यद अमीर अली यांनी. जन्म १८४९, कटकचा. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती होऊन गेलेले, आणि १९०९ पासून प्रीव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर बसलेले पहिले हिंदी गृहस्थ. अरबी ग्रंथ ते मुळातून वाचू शकत. त्यांनी 'हिदाया', 'फतावा आलमगिरी' उलगडून दाखवले आणि सांगितले की बाप, त्याचा वसी, दादा, त्याचा वसी किंवा न्यायाधीशाने नेमलेला पालक यांच्याशिवाय कोणालाही अज्ञानाची स्थावर मिळकत विकता येत नाही. इतरांनी केलेली विक्री 'फजूली'ची, म्हणजे अधिकार नसलेल्या तिऱ्हाइताची. मुलाला खाऊ घालण्यासाठी, कपड्यालत्त्यासाठी घरातली जंगम चीजवस्तू गहाण टाकण्यापलीकडे अशा सांभाळणाऱ्याचा हात पोचत नाही, मग ती आई का असेना. जोहराचा स्वतःचा हिस्सा गेला, मुलांचा वाचला.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला रागच आला. पोटच्या पोराच्या बाबतीत आई तिऱ्हाईत? पण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की त्या निकालाने जोहराच्या मुलांचे नुकसान झालेले नाही. विधवेला घेरून अंगठा घेणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. आईला विकता येत नाही म्हणजे आईला दमदाटी करूनही विकायला लावता येत नाही. आणि अमीर अलींनी त्याच निकालात दार उघडे ठेवले आहे. बापाने आईला वसी नेमले असेल किंवा कोर्टाने तिला पालक केले असेल, तर तिला खऱ्या वलीचे सारे अधिकार मिळतात. ते दार गेली शंभर वर्षे उघडे आहे आणि आपण त्यातून क्वचितच आत गेलो आहोत, हे मात्र खरे.

पुढची वाट याच निकालाच्या मागोमाग गेली. १९३७ च्या शरियत कायद्यात ज्या बाबींना मुस्लिम कायदा लागू होतो त्यांत पालकत्वाचा स्पष्ट उल्लेख आला. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मोठ्या भावाने अज्ञान भावाच्या वतीने सही केलेली कौटुंबिक तडजोड आली, ती निरर्थक ठरली. नव्वदच्या दशकात केरळच्या एका खटल्यात आईने केलेली विक्री सर्वोच्च न्यायालयाने त्याच कारणाने रद्द मानली. २०२२ मध्ये केरळ हायकोर्टापुढे आईने मुलाच्या वतीने केलेला वाटणीपत्राचा वाद आला, तेव्हा वरच्या न्यायालयाचे निकाल आपल्यावर बंधनकारक आहेत असे सांगून कोर्टाने आईचे पालकत्व नाकारले. हिंदू आयांनाही हा लढा द्यावा लागला आहे. १९५६ च्या कायद्यात बाप हयात असेतो आई दुसऱ्या क्रमांकावर होती. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाच्या रोख्यांवरून दाद मागितली, तेव्हा १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ सैल केला. आमच्या घरात तसे अजून झालेले नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या नावाआधी लिहायचे ठरले आहे. शाळेच्या रजिस्टरात ते दिसेल तेव्हा मला आनंदच होईल. पण त्या नावाने सातबाऱ्यावर काही फरक पडणार नाही. 'अ.पा.क.' म्हणून लागलेल्या नावानेही पडत नाही, ती महसूल खात्याची सोय आहे.

मग आई-बापांनी करायचे काय? फार नाही. बापाने एक वसियतनामा लिहायचा : माझ्यामागे माझ्या अमुक अमुक अज्ञान मुलांच्या देखभालीसाठी आणि मिळकतीसाठी मी त्यांच्या आईला, किंवा ज्याच्यावर भरवसा असेल त्याला, वसी आणि पालक नेमतो. मुस्लिम कायद्याने वसियत तोंडीही चालते, तिला ठरावीक नमुना नाही, स्टँप पेपर लागत नाही. पण तोंडी वसियत कोर्टात शाबीत करताना घाम फुटतो. म्हणून लिहावी, तारीख घालावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. दुय्यम निबंधकाकडे नोंदवली तर अधिक बरे, सक्ती नाही. वसियतीवर एक तृतीयांशची मर्यादा असते ना, असे काही जण विचारतात. ती माल देण्याला आहे. इथे कोणाला माल देत नाही, राखणदार नेमतो आहे. ज्याला नेमायचे त्याला आधी विचारावे, कारण तो नकार देऊ शकतो. मन बदलले तर हयातीत केव्हाही बदलता येते.

आईच्या बाजूने सांगायचे तर तिला आपल्या मुलांसाठी असा पालक वसियतीने नेमता येत नाही, बापाने तिला वसी केले असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या मालकीची जी मिळकत मुलांकडे जाईल तिच्यापुरता कारभारी मात्र ती नेमू शकते. म्हणून नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या नावाने घर घेतलेल्या बायांनीही लिहून ठेवावे.

आखातात जाणारे आमचे पुरुष एक कागद आवर्जून करतात, तो म्हणजे मुखत्यारपत्र. बायकोच्या किंवा भावाच्या नावाने. आणि समजतात की सोय झाली. पण मुखत्यारपत्र देणारा मेला की ते पत्रही संपते. ज्या दिवशी त्याची खरी गरज लागते त्याच दिवशी ते कागदाचा चिटोरा होते. विम्याच्या अर्जावर अज्ञान नॉमिनीसाठी ज्याचे नाव भरतात त्याचा अधिकारही तेवढी रक्कम घेण्यापुरताच.

आणि बाप काही न लिहिता गेला, दादाही नसले, तर १८९० च्या कायद्याखाली मूल जिथे राहते तिथल्या जिल्हा कोर्टात अर्ज करायचा. आई करू शकते. कोर्ट मुलाचे हित पाहते. मुलाचे वय, धर्म, अर्ज करणाऱ्याची लायकी, नाते, मेलेल्या आई-बापाची काही इच्छा असल्यास ती, आणि मूल समजते असेल तर त्याची पसंतीही विचारते. नेमणूक झाली तरी मिळकत विकायला, गहाण टाकायला पुन्हा कोर्टाची परवानगी लागते, आणि ती गरज किंवा उघड फायदा दिसल्याशिवाय मिळत नाही. त्या पाचवीतल्या मुलाच्या आईने हेच केले. वेळ गेला, वकिलाची फी गेली, गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. पण ती आज कोर्टाने नेमलेली पालक आहे. घर अजून अर्धवटच आहे.

हे सगळे वाचून झाल्यावर मागच्या रमजानमध्ये मी घरी विषय काढला. माझे पती कुवेतहून सुट्टीवर आले होते. इफ्तारनंतर मी म्हटले, "एक कागद लिहून द्याल का?" काय कागद ते सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बरकतच्या महिन्यात असले काय बोलतेस!" पती हसले. मग गंभीर झाले आणि म्हणाले, "अब्बा आहेत ना अजून. मी काय लिहिणार?" त्यांचे म्हणणे आमच्या शाफई कायद्याने बरोबरच होते. दादा हयात असताना मालाचे वली तेच.

अब्बा कोपऱ्यात खुर्चीवर तसबीह घेऊन बसले होते. ते आमचे बोलणे ऐकत आहेत हे मला ठाऊक नव्हते. वयाची पंचाहत्तरी उलटलेली, पूर्वी बोटीवर नोकरी केलेला माणूस. त्यांनी विचारले, "म्हणजे तो गेला तर मी, आणि मी गेलो तर?" मी म्हटले, "तर कोर्ट, अब्बा. किंवा तुम्ही ज्याला नेमाल तो." दादालाही वसी नेमता येतो हे त्यांना ठाऊक नव्हते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग माझ्या मुलीला म्हणाले, "तुझी एक वही आण."

चौरेघी वहीच्या मधल्या पानावर त्यांनी आधी उर्दूत लिहिले, मग खाली मराठीत. नातवंडांची नावे, त्यांच्या जन्मतारखा, आणि माझे नाव. पतींनी दुसऱ्या पानावर त्यांचे लिहिले, अब्बा आधी नसतील तर या अटीसह. तरावीहनंतर शेजारच्या दोघांना साक्षीला बोलावले. त्यांतल्या एकाने सही करण्यापूर्वी पान दोनदा वाचले, खिशातून चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचले आणि मला विचारले, "भाभी, याची एक झेरॉक्स मला मिळेल का? कोरीच द्या, नावे आमची आम्ही घालू."